'माझंही असंच व्हायचं' : मुलीची पाळी थांबत नाही तेव्हा

"आई, आज अकरावा दिवस आहे."

मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. लेक मागे येऊन उभी राहिली आणि एवढंच बोलली. तेरा वर्षांची, आठवीत. पाळी सुरू होऊन जेमतेम आठ महिने झालेले. त्या आठवड्यात मला बरंच काही दिसलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. पॅडचं पाकीट तीन दिवसांत संपलं होतं. तिच्या गादीवर जुनी चादर चौघडी करून अंथरलेली होती. आणि ही पोर रात्री साडेतीनचा गजर लावून उठत होती, पॅड बदलायला. मी म्हटलं, "अगं, सुरुवातीला होतं असं. माझंही असंच व्हायचं."

धीर द्यायला आपण सगळ्याच हे वाक्य बोलतो. त्याचा पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो. दुसरा भाग मात्र धीर देणारा नाही, तो एक धागा आहे आणि डॉक्टरांना सांगायचा आहे. हे मला कळायला आणखी दोन महिने लागले.

जास्त म्हणजे किती?

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. चहाच्या चमच्यात ५ मिली मावतात, म्हणजे सहा ते आठ चमचे. हा आकडा ८० मिलीच्या वर गेला, म्हणजे टपरीवरच्या कटिंगएवढा झाला, की डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. पण माप घेऊन कोण बसणार? म्हणून खुणा बघायच्या.

पाळी सात दिवसांच्या पुढे जाते. पॅड तासा-दोन तासांत पूर्ण भिजतं. एका वेळी दोन पॅड लावावे लागतात. रात्री बदलायला उठावं लागतं. दोन रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात. यातली एखादी खूण दर महिन्याला दिसत असेल तर 'नाजूक आहे' किंवा 'अंगात उष्णता आहे' म्हणून सोडून देऊ नका. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचं अंतर या वयात २१ ते ४५ दिवसांत कितीही असलं तरी चालतं. २१ च्या आत पुन्हा पुन्हा येत असेल तर तेही सांगायचं.

मुलीला विचारलं, "जास्त जातं का गं?" तर ती काय सांगणार? तिच्याकडे तुलनाच नाही. तिला वाटतं सगळ्यांचं असंच असतं आणि आपणच रडूबाई आहोत. म्हणून प्रश्न नको, नोंद हवी. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९० मध्ये त्यासाठी गुण द्यायची एक साधी पद्धत काढली. पॅडला नुसता डाग असेल तर १ गुण, अर्धवट भिजलं असेल तर ५, पूर्ण भिजलं तर २०. छोटी गाठ १, मोठी गाठ ५. संपूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्त जास्त जातंय असं धरायचं. पॅडच्या जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला पुरतं. आम्ही कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहायला लागलो. पहिल्या दिवशी ३५, दुसऱ्या दिवशी ७०. दुसऱ्याच दिवशी शंभरी पार. "एवढे मार्क मला गणितात पडत नाहीत," लेक म्हणाली. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली असावी.

सुरुवातीला होतं, ते का?

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. ते गवंडीकामासारखं आहे. इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोचवणारं रसायन, भिंतीवर गिलावा चढवतं. महिन्याच्या मध्यावर अंडाशयातून अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक येतं. ते गिलाव्यावर पाणी मारणाऱ्या माणसासारखं असतं, त्याच्यामुळे अस्तर नीट बसतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरकं उतरतात, सगळं अस्तर एकदम सुटतं आणि चार-पाच दिवसांत काम संपतं.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मात्र मेंदू आणि अंडाशय यांचा ताळमेळ बसलेला नसतो. कित्येक महिने अंडं सुटतच नाही. मग पाणी मारणारा येत नाही आणि गिलावा चढतच राहतो. ज्यांनी घर बांधलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आज या कोपऱ्यातला पोपडा पडतो, उद्या त्या कोपऱ्यातला. कधी दीड-दोन महिने काहीच नाही आणि नंतर पंधरा दिवस थांबायचं नाव नाही. बहुतेक मुलींचं गाडं वयानुसार रुळावर येतं. पण 'पुढे नीट होईल' याचा अर्थ आत्ता जाणारं रक्त जाऊ द्यायचं असा होत नाही. थायरॉइड कमी असणं आणि पीसीओएस, म्हणजे अंडं सुटण्याचीच लांबलेली गडबड, यांतही असंच होतं. म्हणून डॉक्टर त्यांचीही चौकशी करतात.

'माझंही असंच व्हायचं' याचा दुसरा अर्थ

१९२६ साली फिनलंडच्या एरिक फॉन विलब्रँड या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या ऑलंड बेटांवरचं कुटुंब, आणि त्यातली हियोर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी. ओठ कापला की रक्त थांबेना, नाकातून यायला लागलं की थांबेना. तिच्या काही बहिणी रक्त वाहूनच लहानपणी गेल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या घराण्यांत हा त्रास होता. हियोर्डिस मोठी झाली, तिला पाळी आली, आणि चौथ्या पाळीत ती गेली.

त्या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा विलब्रँडचा आजार हा रक्त न थांबण्याच्या आनुवंशिक आजारांत सगळ्यात जास्त आढळतो. रक्ताची नळी फुटली की रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, विटांसारख्या जागेवर येऊन बसतात. त्या विटा भिंतीला चिकटायला लागणारा सिमेंटचा माल म्हणजे हा विलब्रँड घटक. माल कमी पडला तर विटा असूनही भिंत उभी राहत नाही. बहुतेकांत हा आजार सौम्य असतो, हियोर्डिससारखा नसतो. तो मुलांना आणि मुलींना सारखाच होतो. फरक इतकाच की मुलाच्या शरीराची दर महिन्याला परीक्षा होत नाही. खूप रक्त जाणाऱ्या किशोरवयीन मुलींची नीट तपासणी केली तर साधारण पाचांतल्या एकीत रक्त थांबण्याची काहीतरी उणीव सापडते. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण 'अगदीच दुर्मीळ' म्हणून सोडून देण्यासारखा तो नाही.

घराला हे कळत का नाही? कारण आईचंही तसंच असतं, मावशीचं तसंच, आजीचं तसंच. ज्या घरात सगळ्याच बायकांना दहा दिवस लागतात, तिथे दहा दिवस हाच नियम होतो.

तपासायला गेलो तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने माझं वाक्य बोलले. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि लेकीला सोडून माझीच उलटतपासणी सुरू केली. नाकातून रक्त आलं की दहा मिनिटांहून जास्त वेळ येतं का? कुठे न आपटता काळंनिळं होतं का? दाढ काढली तेव्हा किती वेळ थांबलं नाही? बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं? दाढेच्या वेळी मी रात्रभर कापूस बदलत बसले होते. बाळंतपणात दोन बाटल्या चढवल्या होत्या. ही सगळी माहिती गेली कित्येक वर्षं माझ्याकडे होती. मी ती कधी एकत्र ठेवून पाहिली नव्हती, इतकंच.

पाकीट आणि बँक

हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे. फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक, शरीराने साठवलेलं लोह. पाकीट रिकामं व्हायला लागलं की शरीर बँकेतून काढून भरतं. म्हणून हिमोग्लोबिन १२ दिसत असतानाही खातं कोरडं पडलेलं असू शकतं, आणि मुलीला त्याचा त्रासही होत असतो. थकवा, जिना चढताना धाप, छातीत धडधड, अभ्यासात लक्ष न लागणं. आमच्या घरी वेगळंच होतं. लेक फ्रिजमधला बर्फ कडाकडा चावून खायची. आम्ही दातांसाठी ओरडत होतो. बर्फ, माती, खडू खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं जुनं लक्षण आहे. तिचं हिमोग्लोबिन ९.१ निघालं आणि फेरिटिन ६.

हिशोब असा. १ मिली रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. ८० मिली गेलं की ४० मिलिग्रॅम गेलं. जेवणातून अंगी लागतं दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेत आणि वाढीच्या वयात वाढीलाच जातं. मग मागे काय उरणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. त्याचं सगळं खापर आपण 'पालेभाजी खात नाही' यावर फोडतो. पाळीत किती जातं हे फारसं कुणी विचारत नाही.

बीटचं म्हणाल तर त्याचा रंग लाल आहे, एवढंच. १०० ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, कडधान्यं, खात असाल तर मटण-मासे हे सगळं चांगलंच. वर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर तरी चहा नको. पण ९ वर आलेलं हिमोग्लोबिन लाडवांनी वर येत नाही, गोळ्याच लागतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. कमी झालेलं भरून काढायला तिचा डोस पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, कधी पोट घट्ट होतं. काळ्या रंगाला घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन सुधारलं तरी पुढे दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, बँक भरायची असते ना. आणि गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नसेल तर सिकलसेल किंवा थॅलेसेमिया मायनर हे रक्ताचे आनुवंशिक दोष तपासायला हवेत. विदर्भात आणि आदिवासी भागात तर आधीच.

तपासणीची भीती

आयांना वाटतं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं की आतून तपासतील. या वयात साधारणपणे तशी तपासणी करत नाहीत. सोनोग्राफी पोटावरून होते, लघवी भरून. बहुतेक वेळा ती नॉर्मल येते आणि घरचे म्हणतात, "बघ, काही नाही." पण सोनोग्राफीला रक्तातली उणीव दिसत नाही. महत्त्वाच्या तपासण्या रक्ताच्या आहेत: सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन, थायरॉइड आणि गोठण्याच्या चाचण्या. लघवीची गर्भचाचणीसुद्धा काही डॉक्टर सगळ्याच मुलींची करतात. त्यात अपमान मानू नका.

गोठण्याच्या नेहमीच्या दोन चाचण्या, पीटी आणि एपीटीटी, नॉर्मल आल्या तरी विलब्रँडचा आजार असू शकतो. त्याची चाचणी वेगळी मागवावी लागते, आणि ताप, ताण किंवा हॉर्मोनच्या गोळ्या यांनी विलब्रँड घटकाची पातळी वर जाते, म्हणून कधी पुन्हाही करावी लागते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, रक्ताच्या अशा आजारांवरच तिचं काम चालतं. हिमोफिलिया या रक्त न थांबण्याच्या दुसऱ्या आजाराची केंद्रं इतर मोठ्या शहरांतही आहेत.

"औषधाने थांबवलं तर घाण आतच राहील"

हे आमच्या सासूबाईंचं म्हणणं. त्यांचं चुकीचं आहे, पण त्यांचा दोष नाही, पिढ्यान्पिढ्या तेच सांगितलं गेलं. पाळीचं रक्त घाण नसतं. नसेतून काढतात तेच रक्त, सोबत सुटलेलं अस्तर. औषधाने अस्तर कमीच तयार होतं, त्यामुळे आत साठायला काही उरत नाही.

हॉर्मोनच्या गोळीचं नाव काढलं की दुसरी हरकत येते: "गर्भनिरोधक गोळ्या? तेराव्या वर्षी?" गंमत अशी की गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला ज्या गोळ्या बायका मेडिकलमधून आणून खुशाल घेतात, त्याही याच कुळातल्या. न आलेला पाणी मारणारा बाहेरून पाठवायचा, एवढंच ही गोळी करते. पुढे मूल होण्यात तिच्यामुळे अडचण येत नाही. मात्र घरात कुणाच्या पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, किंवा मुलीला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होत असेल, तर ते आधी सांगायलाच हवं. काही गोळ्या अशा वेळी चालत नाहीत.

ज्यांना हॉर्मोन नको त्यांच्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आहे. शरीर एकीकडे गुठळी बांधतं आणि दुसरीकडे विरघळवत असतं. हे औषध विरघळणं रोखतं. फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत, जास्तीत जास्त पाचेक दिवस घ्यायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बाया वाचाव्यात हा उताकोबाईंचा ध्यास होता.

पोटदुखीला मेडिकलवाला मेफेनॅमिक ॲसिडची गोळी काढून देतो. तिने दुखणं थांबतं, थोडं रक्तही कमी होतं. पण रक्त न थांबण्याच्या आजाराचा संशय असेल तर ती आणि ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. धण्याचं पाणी, दुर्वांचा रस यांवर माझा राग नाही. दोन महिने 'बघू गुण येतो का' म्हणत घालवण्यावर आहे.

शाळा

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे उतरवून तपासलं गेलं, मुख्याध्यापिकेला अटक झाली. ती बातमी वाचून आमची लेक दोन दिवस शाळेत पाणीच प्यायली नाही, म्हणजे स्वच्छतागृहात जायला नको.

मी वर्गशिक्षिकेला भेटून एकच मागणी केली: हिने हात वर केला की कारण न विचारता जाऊ द्या. बाईंनी लगेच मान्य केलं, वर स्वतःच्या कपाटात दोन पॅड ठेवले. दप्तरात एक कापडी पाऊच असतं: चार मोठे पॅड, एक निकर, जुना पेपर, एक पिशवी. युनिफॉर्मखाली काळी सायकलिंग शॉर्ट. गादीवर चादरीखाली तान्ह्या बाळासाठी आणतो तसलं रबर. डाग गार पाण्याने धुवायचा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. पॅड आणायला तिचे बाबाच जातात, आणि आता काळी पिशवी मागत नाहीत.

ज्या घरांत मुलीला चार दिवस अजून बाजूला बसवतात, तिथे तर दहा दिवस रक्त जात असलं तरी चौथा संपला म्हणून ती गुपचूप आत येते. मग पाचव्यापासून दहाव्यापर्यंतचं रक्त कुणाच्याच हिशोबात धरलं जात नाही.

कधी वाट बघायची नाही

लागोपाठ दोन तास, तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय. उभं राहिलं की चक्कर येते, किंवा ती कोसळते. बसल्या जागी धाप, छातीत धडधड, ओठ-नखं पांढरीफटक. अशा वेळी सकाळची ओपीडी नाही, रात्रीचं इमर्जन्सी गाठायचं. सोबत पॅडच्या गुणांची नोंद न्यायची.

लेकीची विलब्रँड घटकाची पातळी कमी निघाली. सौम्य प्रकार आहे. आता पाळी सहा दिवसांत आटोपते आणि गजर बंद झाला. डॉक्टरबाईंनी मलाही तपासणीसाठी रक्त द्यायला सांगितलं. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर आईच्या बाजूचा इतिहास लिहायचा होता, म्हणून मी तिथूनच आईला फोन लावला. "आई, तुला पाळीत किती जायचं गं?"

"मोजतंय कोण?" ती म्हणाली. "लुगड्याच्या घड्या घ्यायच्या आणि रानात जायचं. अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली, तेव्हा सुटले."

लेकीने माझ्या हातातून पेन घेतलं आणि तसंच लिहिलं.